वाहक विषाणूंवरच्या लशी: कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

दोडामार्ग-सावंतवाडीपासून अलिबागपर्यंतचे वाचक लशींबद्दल जे प्रश्न पाठवत राहतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी प्राथमिक प्रश्नांनी आहे, पुढे अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न येतील. एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे स्वतःच्या औषधपाण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. विषाणू वापरून लस बनवतात म्हणजे नेमकं काय करतात?

एखाद्या रोगाशी लढायची तयारी करायला शरीराला अख्खा रोगजंतू लागत नाही, त्याचा एखादा ठळक भाग दाखवला तरी पुरतो. करोनाच्या बाबतीत हा भाग म्हणजे विषाणूच्या अंगावरचं काट्यासारखं स्पाइक प्रथिन. ते कारखान्यात बनवून टोचता येतं, किंवा ते बनवण्याची कृती, म्हणजे त्याचं जनुक, आपल्या पेशींपर्यंत पोचवता येतं. मग पेशी स्वतःच थोडे दिवस ते प्रथिन बनवतात आणि शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं.

पेशीत शिरण्याचं काम विषाणूंना सगळ्यात चांगलं जमतं. म्हणून मूळ रोगाशी संबंध नसलेला दुसराच एखादा विषाणू घेतात, त्याच्या जनुकांतला काही भाग काढतात आणि तिथे हवं ते जनुक बसवतात. जनुक वाहून नेणारा हा विषाणू म्हणजेच वाहक. कोकणात कलम कुणाला समजावून सांगायला नको. रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधली की मुळं रायवळची राहतात आणि फळ हापूसचं येतं. इथेही खोड एका विषाणूचं आणि फळ दुसऱ्याचं. मात्र कलम वर्षानुवर्षं वाढत राहतं, आणि कोव्हिशिल्डसारख्या लशीतला विषाणू शरीरात वाढतच नाही (प्रश्न ३).

ही कल्पना करोनाच्या घाईत निघालेली नाही. देवीच्या लशीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया हा विषाणू परकं जनुक वाहून नेऊ शकतो, हे १९८२ साली अमेरिकेत बर्नार्ड मॉस आणि एन्झो पाओलेटी यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं.

२. आम्ही घेतलेल्या लशींपैकी कोणत्या या प्रकारच्या?

कोव्हिशिल्ड, स्पुटनिक व्ही आणि नाकात थेंब टाकायची इन्कोव्हॅक, या तिन्ही. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला अख्खा करोना विषाणू होता, कॉर्बेव्हॅक्समध्ये नुसतं प्रथिन, तर झायकोव्ह-डीमध्ये डीएनएचं वर्तुळ, कोणत्याही वाहकाशिवाय. बाळांना देतात ती पोलिओच्या थेंबांची किंवा गोवर-रुबेलाची लसही वाहकावरची नाही. त्यांत त्या त्या रोगाचाच विषाणू दुबळा करून दिलेला असतो.

३. हा वाहक विषाणू अंगात गेल्यावर वाढतो का? त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होते का?

ते कोणता वाहक आहे त्यावर अवलंबून आहे. या पानावरचं एकच उत्तर नीट वाचायचं ठरवलंत तर हे वाचा.

कोव्हिशिल्ड, स्पुटनिक आणि इन्कोव्हॅकचे वाहक अ‍ॅडिनोव्हायरस या कुळातले आहेत. हे विषाणू साध्या सर्दी-खोकल्याला किंवा डोळे येण्याला कारण होतात. लशीसाठी घेताना त्यांचं ई१ नावाचं जनुक काढून टाकतात. ई१ नसेल तर विषाणू पेशीत शिरतो, पण स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. कारखान्यात तो वाढवता येतो, कारण तिथे वापरलेल्या पेशींमध्ये ई१ मुद्दाम बसवलेलं असतं. आपल्या पेशींमध्ये ते नाही. टोचलेले विषाणूकण आपलं काम करतात आणि संपतात. त्यामुळे कोव्हिशिल्ड घेतलेल्या माणसापासून घरात कुणाला त्या वाहकाची लागण होत नाही.

दुसऱ्या जातीचे वाहक शरीरात मर्यादित प्रमाणात वाढतात. इबोलावरची एर्व्हेबो ही लस त्यातली. तिचा वाहक व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस व्हायरस, थोडक्यात व्हीएसव्ही. हा मुळात गुरं, घोडे, डुकरं यांच्या तोंडात फोड आणणारा अमेरिका खंडातला विषाणू आहे. लशीत त्याचं पृष्ठभागावरचं प्रथिन काढून तिथे इबोलाचं बसवलं आहे. तो थोडा वाढतो म्हणूनच एका डोसमध्ये जोरदार प्रतिकारशक्ती येते. त्याचीच दुसरी बाजू अशी की लस घेतल्यावर ताप आणि सांधेदुखी बऱ्याच जणांना होते, आणि लस घेतल्यानंतरचे काही आठवडे प्रतिकारशक्ती अगदी कमी असलेल्या माणसांच्या निकट संपर्काबाबत काळजी घ्यायला सांगतात.

४. कोव्हिशिल्डमध्ये माकडाचा विषाणू होता म्हणतात. आमच्याकडे माकडताप वाढला तो त्यामुळेच का?

नाही. दोडामार्ग आणि बांदा परिसरातून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ज्यांनी घरातलं माणूस माकडतापाने आजारी पडलेलं पाहिलं आहे त्यांच्या मनात शंका येणं मी समजू शकते.

कोव्हिशिल्डचा वाहक चिंपांझीकडून घेतलेला अ‍ॅडिनोव्हायरस आहे. चिंपांझीचा घेण्यामागे कारण आहे: माणसांतले अ‍ॅडिनोव्हायरस बहुतेकांना आधीच होऊन गेलेले असतात, त्यामुळे शरीर वाहकालाच दारात अडवतं (प्रश्न ९). चिंपांझीच्या विषाणूची आपल्याला आधीची ओळख नसते.

माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. त्याचा विषाणू डेंग्यूच्या कुळातला, फ्लेव्हिव्हायरस आहे. अ‍ॅडिनोव्हायरसशी त्याचं दूरचंही नातं नाही. तो १९५७ साली कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात त्याचे रुग्ण २०१६ मध्ये आढळले आणि पुढच्या वर्षी बांद्याकडे. तेव्हा कोव्हिशिल्ड अस्तित्वातच नव्हती. देशात करोना लसीकरण सुरू झालं ते १६ जानेवारी २०२१ रोजी.

मंकीपॉक्सचंही तसंच. तो देवीच्या कुळातला तिसराच विषाणू आहे.

५. लशीत माणसाच्या पेशी किंवा प्राण्याचं काही असतं का? घरात माळकरी आहेत.

कोव्हिशिल्डच्या कुपीत वाहक विषाणूशिवाय हिस्टिडीन हे अमिनो आम्ल, मॅग्नेशियम क्लोराइड, पॉलिसॉर्बेट ८०, अगदी थोडं इथेनॉल, साखर, मीठ, ईडीटीए आणि पाणी असतं. जिलेटिन किंवा अंड्याचा भाग घटकांत नाही.

पेशींबद्दल मात्र अर्धवट सांगून चालणार नाही. प्रश्न ३ मध्ये ज्या कारखान्यातल्या पेशी म्हटल्या त्यांचं नाव एचईके २९३. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे एका मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशींपासून हा वाण तयार झाला आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत तोच वाढवत आले आहेत. लशीसाठी नव्या गर्भाची गरज पडत नाही. विषाणू वाढवून झाला की पेशी गाळून काढतात आणि विषाणू शुद्ध करतात. हे कळल्यावरही कुणाच्या श्रद्धेला ते पटत नसेल तर त्यांच्याशी वाद घालू नये असं मला वाटतं. पण निर्णय खऱ्या माहितीवर व्हावा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या गाय-डुकराच्या गोष्टींवर नको.

६. आपला डीएनए बदलतो का?

अ‍ॅडिनोव्हायरसचं जनुकीय साहित्य डीएनएचंच असतं आणि ते पेशीच्या केंद्रकात जातं. त्यामुळे शंका रास्त आहे. पण केंद्रकात जाणं वेगळं आणि आपल्या गुणसूत्रात जोडलं जाणं वेगळं. एचआयव्हीसारख्या विषाणूंकडे स्वतःचा डीएनए आपल्या गुणसूत्रात शिवण्याचं खास विकर असतं, अ‍ॅडिनोव्हायरसकडे ते नसतं. त्याचा डीएनए केंद्रकात सुटाच राहतो. एखादा तुकडा योगायोगाने कुठे जोडला जाण्याची शक्यता तत्त्वतः शून्य नाही, पण तशी ती साध्या अ‍ॅडिनोव्हायरसच्या सर्दीतही असते, आणि त्या सर्दीत विषाणूच्या प्रती लशीपेक्षा कितीतरी जास्त होतात. शिवाय लस दंडाच्या स्नायूत जाते. स्पाइक दाखवणाऱ्या पेशी शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच काढून टाकते. बीजांड किंवा शुक्रपेशींमार्फत पुढच्या पिढीत काही जातं, असा पुरावा नाही.

७. कोव्हिशिल्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात हे खरं की खोटं?

खरं आहे, फार क्वचित. २०२४ मध्ये मूळ लस बनवणाऱ्या अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीवरच्या ब्रिटनमधल्या खटल्याची बातमी आली तेव्हा अनेकांना वाटलं की कंपनीने काहीतरी नवं कबूल केलं. वैद्यकीय जगात हा दुष्परिणाम मार्च-एप्रिल २०२१ पासून माहीत होता आणि लशीच्या माहितीपत्रकात त्याची नोंद होती. तो लोकांपर्यंत साध्या मराठीत तेव्हाच पोचायला हवा होता. तो पोचला नाही म्हणून तीन वर्षांनी एवढी भीती पसरली.

घडतं ते असं. काही मोजक्या माणसांत लशीनंतर प्लेटलेट फॅक्टर ४ या रक्तातल्या प्रथिनाविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात. त्या प्लेटलेट्सना चेतवतात, मग एकीकडे गुठळ्या होतात आणि दुसरीकडे प्लेटलेट्सची संख्या घसरते. गुठळ्या मेंदूच्या किंवा पोटातल्या शिरांमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या जागी होतात. अ‍ॅडिनोव्हायरसवरच्या जॉन्सन अँड जॉन्सनच्या लशीतही हा प्रकार दिसला. म्हणजे दोष स्पाइकपेक्षा वाहकाशी जोडलेला आहे.

ब्रिटनमध्ये पहिल्या डोसनंतर पन्नाशीच्या पुढच्यांत साधारण लाखात एक, आणि पन्नाशीच्या आतल्यांत पन्नास हजारांत एक अशी नोंद झाली. म्हणून तिथे मे २०२१ मध्ये चाळिशीखालच्यांना वेगळ्या प्रकारची लस द्यायला सांगितलं. डेन्मार्कने तर एप्रिलमध्येच ही लस थांबवली. भारताच्या समितीने मे २०२१ मध्ये दहा लाख डोसमागे ०.६१ असं प्रमाण दिलं. हा आकडा कमी का, याची एकापेक्षा जास्त कारणं असू शकतात. त्यात नोंद न होणं हेही एक आहे असं माझं मत आहे. आडगावातल्या माणसाला डोकेदुखी झाली तर तो सिटी स्कॅनपर्यंत पोचतोच असं नाही.

लक्षणं साधारण चौथ्या दिवसापासून पहिल्या महिन्याभरात दिसतात: गोळीने न थांबणारी डोकेदुखी, दिसण्यात गडबड, धाप, पोटात जोरात दुखणं, पाय सुजणं, टोचल्या जागेपासून दूर अंगावर बारीक लाल ठिपके.

८. मी २०२१ मध्ये दोन डोस घेतले. आता इतक्या वर्षांनी मला धोका आहे का? तरुण मुलं खेळताना कोसळतात ती यानेच ना?

प्रश्न ७ मधल्या गुठळ्यांचा काळ टोचल्यानंतरच्या काही आठवड्यांचा आहे. आज त्यासाठी डी-डायमर (गुठळ्यांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घेण्याची किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेण्याची काहीच गरज नाही. उगाच घेतलेल्या त्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो.

तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरने देशभरातल्या ४७ रुग्णालयांमधून अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी धडधाकट माणसांचा त्यात विचार होता. लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे करोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, आदल्या दोन दिवसांतलं अति मद्यपान आणि अति श्रमाचा व्यायाम. ज्या घरातला मुलगा गेला त्यांना आकडे दिलासा देत नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाचा ईसीजी काढून घेणं हे लशीला दोष देत बसण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

९. कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर सारखं का बदलत होतं? एकच वाहक पुन्हा पुन्हा चालतो का?

पहिल्या डोसनंतर शरीर स्पाइकला ओळखतं तसं वाहकालाही ओळखू लागतं. दुसरा डोस फार लवकर दिला तर वाहक पेशीत पोचण्याआधीच पकडला जाण्याची शक्यता वाढते. शिवाय सावकाश दिलेल्या दुसऱ्या डोसने प्रतिकारशक्ती अधिक पक्व होते, हे इतर लशींतही दिसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा आठवड्यांहून कमी अंतर असलेल्यांत परिणामकारकता सुमारे ५५ टक्के होती, बारा आठवडे किंवा जास्त अंतर असलेल्यांत ८१ टक्के. आपल्याकडे अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं, मे महिन्यात बारा ते सोळा. त्या वेळी लशीचा तुटवडाही होता, म्हणून लोकांना संशय आला. पण वाढीव अंतराला शास्त्रीय आधार होता.

स्पुटनिकने यावर वेगळा तोडगा काढला. पहिल्या डोसला अ‍ॅडिनोव्हायरस २६, दुसऱ्याला अ‍ॅडिनोव्हायरस ५.

१०. माझ्या दंडावर देवीची खूण आहे. माझ्यावर अशा लशी चालतील का?

करोनाच्या लशींशी तुमच्या खुणेचा काही संबंध नाही. प्रश्न येतो तो वाहक देवीच्या लशीच्या कुळातला असेल तर. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला. ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ हे भिंतींवरचं आवाहन ज्यांनी वाचलं आहे त्या पिढीला व्हॅक्सिनियाची ओळख आहे, त्यानंतरच्या पिढीला नाही. त्यामुळे व्हॅक्सिनियावर बसवलेली लस जुन्या पिढीत थोडी कमी चालू शकते. अधिक सुरक्षितता हवी म्हणून कोंबडीच्या पेशींत शेकडो वेळा वाढवून दुबळा केलेला व्हॅक्सिनियाचा एमव्हीए हा वाण, किंवा कॅनरी पक्ष्याच्या देवीचा विषाणू असे पर्याय वापरतात. दोन्ही माणसाच्या पेशीत नीट वाढत नाहीत.

११. माकडतापावर अशी लस का येत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काजूच्या बागेत किंवा पातेरा गोळा करायला गेलेल्या बाईला गोचीड चावते आणि आठवड्याभरात ती तापाने, अंगदुखीने आडवी होते. काहींना रक्तस्राव होतो, आणि शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा.

लस होती. फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची, कर्नाटकात बनणारी जुनी लस. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दरवर्षी. ती टोचल्यावर दुखायची फार, त्यामुळे लोक पुढचे डोस टाळायचे. कर्नाटकातल्या २००५ ते २०१० च्या माहितीवरून काढलेली परिणामकारकता दोन डोसनंतर सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह ८३ टक्के होती. वर्षानुवर्षं न चुकता टोचून घ्यावं लागणारी लस जंगलात राबणाऱ्या माणसासाठी व्यवहार्य नव्हती.

एका डोसची लस शक्य आहे, असं वाहकांवरच्या संशोधनातून दिसतं. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या रॉकी माउंटन लॅबोरेटरीजमध्ये प्रश्न ३ मधल्या व्हीएसव्हीवर माकडतापाच्या विषाणूची प्रथिनं बसवून लस बनवली. २०२१ मध्ये उंदरांत आणि २०२३ मध्ये माकडांत तिने संरक्षण दिल्याचं प्रसिद्ध झालं. माणसांतल्या चाचण्या, उत्पादन, परवाने हा पुढचा पल्ला मोठा आणि खर्चिक आहे. रुग्ण वर्षाला शेकड्यांत, तेही पश्चिम घाटाच्या उतारावरचे मजूर आणि शेतकरी. बाजाराच्या हिशेबात ते बसत नाहीत. म्हणून अशा लशीला सरकारी पैसा लागतो, आणि तो मागण्याचा हक्क सिंधुदुर्गाला आहे. आयसीएमआर इंडियन इम्युनॉलॉजिकल्सबरोबर नवी लस तयार करत आहे. ती वाहकावरची नाही, मारलेल्या विषाणूचीच पण सुधारलेली आहे. ती आधी आली तर ती घ्यावी. वाहकाची वाट पाहू नये.

तोपर्यंत: जंगलात जाताना अंगभर कपडे, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं डीएमपी किंवा डेपा तेल, घरी आल्यावर गरम पाणी-साबणाने आंघोळ, कपडे गरम पाण्यात. पातेऱ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनविभागाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

१२. व्हीएसव्ही गुरांचा विषाणू आहे म्हणता. मग तो लशीतून आमच्या गोठ्यात शिरणार नाही का?

फार चांगला प्रश्न, आणि भारतात अशी लस आली तर नियामकांनाही तो सोडवावा लागेल. व्हीएसव्हीचा आजार आपल्याकडे नाही, त्यामुळे काळजी दुप्पट हवी. दिलासा देणारी बाब अशी की लशीत ज्या प्रथिनाने मूळ विषाणू गुरांच्या पेशीत शिरतो तेच काढून टाकलेलं असतं. माकडतापाच्या लशीबाबत गोचिडींतून आणि जनावरांतून ती पसरते का, हे माणसांत वापरण्याआधी तपासणं मात्र मला अत्यावश्यक वाटतं.

१३. आमच्या पोल्ट्रीत पिल्लं पहिल्याच दिवशी लस टोचून येतात. तीही अशीच का?

बऱ्याचदा हो. टर्की पक्ष्याचा एक हर्पिस विषाणू, एचव्हीटी, कोंबड्यांत मरेक या रोगाविरुद्ध पूर्वीपासून वापरतात. त्याच विषाणूवर गंबोरो किंवा राणीखेत या कोंबड्यांच्या रोगांच्या विषाणूचं जनुक बसवलेल्या लशी आता हॅचरीत अठराव्या दिवशी अंड्यात किंवा एक दिवसाच्या पिल्लाला देतात. हा वाहक पक्ष्यात आयुष्यभर राहतो, म्हणून एकदा दिला की पुरतो. तो माणसाला लागत नाही, कोंबडी आणि अंडी खायला हरकत नाही. राणीखेतचा विषाणूही माणसांच्या करोना लशींसाठी वाहक म्हणून काही देशांत तपासला गेला आहे.

१४. लंपीच्या वेळी गुरांना शेळीच्या देवीची लस दिली. ती वाहकावरची?

नाही. शेळ्यांतल्या देवीचा विषाणू लंपीच्या इतका जवळचा आहे की त्याच्यावरची प्रतिकारशक्ती लंपीलाही थोपवते. त्यात जनुक बसवलेलं नव्हतं.

१५. कुत्रा चावल्यावर देतात ती रेबीजची लस?

तीही नाही. आपल्याकडे माणसांना दिली जाणारी रेबीजची लस मारलेल्या विषाणूची आहे. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. व्हॅक्सिनियावर बसवलेली रेबीजची लस मात्र युरोप-अमेरिकेत कोल्हे आणि रॅकूनसाठी आमिषाच्या वडीतून जंगलात टाकतात. वाहकांवरच्या लशींचं हे एक फार मोठं यश आहे.

१६. नाकातली लस दंडातल्यापेक्षा चांगली का?

इन्कोव्हॅकचा वाहकही चिंपांझीचाच, पण दुसरा अ‍ॅडिनोव्हायरस. मूळ तंत्र अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं, लस भारत बायोटेकची. प्रत्येक नाकपुडीत चार थेंब. नाकाच्या अस्तरातच प्रतिकारशक्ती तयार करावी, म्हणजे विषाणू दारातच थांबेल, हा हेतू. ती जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हा लोकांचा लशीतला रस संपत आला होता. त्यामुळे लागण रोखण्यात ती प्रत्यक्ष किती पुढे आहे याचा मोठ्या लोकसंख्येवरचा अनुभव जमलाच नाही.

१७. पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते. अशा लशी टिकतात का?

अ‍ॅडिनोव्हायरसवरच्या लशी इथे उजव्या ठरतात. कोव्हिशिल्डला २ ते ८ अंश सेल्सियस पुरतं, म्हणजे उपकेंद्रापर्यंत नेहमीची शीतसाखळी चालते. आरोग्य केंद्रातल्या आइसलाइन्ड फ्रिजला चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तापमान टिकतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात किनाऱ्यावरचे खांब आडवे झाले तेव्हा जनरेटर आणि बर्फाच्या पेट्यांवर साठा जपणाऱ्या कर्मचाऱ्यांचं काम मला फार मोठं वाटतं. लस गोठली तरीही फुकट जाते, त्यामुळे घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणं हा उपाय नाही. याउलट एर्व्हेबोला उणे ६० ते ८० अंश लागतात. माकडतापाची लस व्हीएसव्हीवर आली तर दोडामार्गपर्यंत ती कशी न्यायची, हा प्रश्न तेव्हा उभा राहील.

१८. गरोदर बाई, एचआयव्ही असलेले, केमो चालू असलेले, यांचं काय?

न वाढणारा वाहक असेल तर या मंडळींना लागणीचा धोका नाही. कमजोर प्रतिकारशक्तीत परिणाम मात्र कमी मिळू शकतो. भारतात गरोदर स्त्रियांना करोनाची लस जुलै २०२१ पासून खुली झाली. वाढणाऱ्या वाहकाची लस असेल तर निर्णय डॉक्टरांनी प्रत्येक माणसाचा धोका पाहून घ्यायचा.

१९. अशी लस कधी फसली आहे का?

हो, आणि हे लपवणाऱ्यांमुळे विश्वास जातो. एचआयव्हीसाठी अ‍ॅडिनोव्हायरस ५ वर बसवलेल्या लशीची ‘स्टेप’ चाचणी सप्टेंबर २००७ मध्ये थांबवावी लागली. संरक्षण तर मिळालंच नाही, वर ज्या पुरुषांत या वाहकाविरुद्ध आधीच अँटिबॉडी होत्या त्यांच्यातल्या काही गटांत लागण जास्त दिसली. क्षयरोगासाठी एमव्हीएवर बनवलेली लस दक्षिण आफ्रिकेतल्या बाळांत बीसीजीपेक्षा जास्त काही देऊ शकली नाही. तो निष्कर्ष २०१३ चा. दुसऱ्या टोकाला, गिनीत २०१५ मध्ये इबोलाच्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना एर्व्हेबो तातडीने दिली गेली आणि दहा दिवसांनंतर त्यांच्यात नवे रुग्ण आढळले नाहीत. वाहक कोणता आणि तो काय वाहून नेतो, या दोन्हींवर परिणाम ठरतो. म्हणून प्रत्येक लशीची चाचणी नव्याने व्हावी लागते.

२०. मग लेप्टोवर का नाही? भातलावणीत दरवर्षी माणसं जातात.

लेप्टो जिवाणूमुळे होतो. जिवाणूचं जनुकही वाहकावर बसवता येतं (क्षयरोगाचं उदाहरण प्रश्न १९ मध्ये आहे), पण लेप्टोचे उपप्रकार अनेक आहेत आणि सगळ्यांना लागू पडेल असं एकच प्रथिन निवडणं कठीण आहे. लावणीच्या दिवसांत ताप आला तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात जा. लवकर सुरू केलेलं अँटिबायोटिक लेप्टोत जीव वाचवतं.

२१. उद्या सिंधुदुर्गात अशा लशीच्या चाचणीसाठी माणसं मागितली तर जावं का?

जावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण विचारायचं काय ते सांगते. जनुकीय बदल केलेला विषाणू असल्यामुळे अशा लशीला जैवतंत्रज्ञान विभागाच्या समितीची, मग केंद्रीय औषध नियंत्रकांची आणि रुग्णालयाच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असलीच पाहिजे. तिचा क्रमांक मागा आणि गावातल्या शिकलेल्या पोराला तो वेबसाइटवर शोधायला लावा. संमतीपत्र मराठीत हवं. त्यात वाहक कोणता, तो शरीरात वाढतो की नाही, टोचल्यावर कोणावर आणि किती दिवस लक्ष ठेवणार, हे लिहिलेलं हवं. चाचणीमुळे आजार झाला तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. मध्येच नाही म्हणायचा अधिकार शेवटपर्यंत तुमचा आहे, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. सही किंवा अंगठा देण्याआधी कागद घरी नेऊन वाचायला वेळ मागा, आणि दिल्यावर त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा.